डायनोसॉरचा गणवेश

भिंतीवर लावायच्या डायनोसॉरच्या तक्त्यांत आता भारतीय प्राण्यांनाही जागा मिळू लागली आहे. राजासॉरस, इंडोसुकस, जैनोसॉरस, इसिसॉरस ही नावे मराठवाड्यातल्या आमच्या वाशीच्या पोरांनाही तोंडपाठ असतात आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण नावांबरोबर या तक्त्यांनी आणखी एक गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की बसवली आहे: प्रत्येक नावाला एक ठरलेला रंग, शाळेला गणवेश असतो तसा. राजासॉरस एका रंगाचा. शेजारच्या चौकटीतला इंडोसुकस वेगळा ओळखू यावा म्हणून दुसऱ्या रंगाचा. नर, मादी, पिल्लू, म्हातारे जनावर असा भेद कुठेच नाही. विलुप्त प्राण्यांच्या चित्रकलेत गेल्या पंधरा वर्षांत जे घडले, ते पाहता हा गणवेश आता खपवून घेण्याजोगा राहिलेला नाही.

डायनोसॉरचे जुने चित्रकार नाइट आणि बुरियन यांच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखे काही नाही. येल विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या भिंतीवर झालिंगरने १९४७ साली पुरे केलेल्या चित्राचा हिरवट-मातकट ठसा पुढे अर्धे शतक पुसला गेला नाही. ‘ज्युरासिक पार्क’ने जनावरे पळवली, कातडी जुनीच ठेवली. त्यानंतर आलेल्या भडक, चमचमत्या चित्रांना लक्ष वेधण्यापलीकडे काही म्हणायचे नसते. आणि संगणकाकडून क्षणात काढून घेतलेली आजची चित्रे म्हणजे आधीच्या हजारो चित्रांची सरासरी. तिच्यात जुन्या चुका तेवढ्या घट्ट होतात.

खरी कलाटणी २०१० ची. चीनमधल्या जीवाश्मांच्या पिसांत मेलॅनिनच्या सूक्ष्म कणिका ओळखल्या गेल्या. लांबट कणिका काळ्या-करड्या रंगाच्या, गोलसर कणिका तांबूस रंगाच्या, हे आजच्या पक्ष्यांवरून ठाऊक होतेच. त्यावरून सायनोसॉरॉप्टेरिक्स या पिसांच्या डायनोसॉरच्या शेपटीवर तांबूस आणि फिके पट्टे निघाले. अँकिऑर्निस काळा-पांढरा ठरला, डोक्यावर तांबडा तुरा. डायनोसॉरच्या रंगाबद्दल प्रथमच काही पुराव्याने बोलता येऊ लागले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते २०१६ चे सिटॅकोसॉरसचे काम. याकोब विंथर आणि चित्रकार-शिल्पकार रॉबर्ट निकोल्स यांनी फ्रँकफुर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातल्या त्वचेसह टिकलेल्या नमुन्यावरून पूर्ण आकाराची प्रतिकृती घडवली. पाठ गडद, पोट फिके, मधे रंग कसा उतरत जातो ते जीवाश्मावर दिसत होते. मग त्यांनी त्याच आकाराची, एकाच करड्या रंगाची दुसरी प्रतिकृती उघड्या उन्हात आणि झाडीखाली ठेवून तिच्यावर सावल्या कशा पडतात ते तपासले. जीवाश्मावरचा रंगाचा उतार झाडीतल्या विखुरलेल्या उजेडाशी जुळला, भर उन्हाशी नाही. म्हणजे हे जनावर दाट झाडीत राहणारे असावे. इथे रंग शोभेसाठी आलेला नाही. प्राणी कुठे राहत होता, कोणाच्या नजरेपासून लपत होता, हे त्या रंगाने सांगितले. चित्रकाराने पुरावा नुसता सजवला नाही, शिल्प घडवता घडवता त्यात भर घातली. कॉनवे, कोसेमेन आणि नेश यांच्या २०१२ च्या ‘ऑल यस्टरडेज’ पुस्तकाने चित्रकारांना धीट केले. निकोल्सच्या सिटॅकोसॉरसने त्या धिटाईला शिस्त लावली. या वाटेवरची चित्रे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

तरीही याच वाटेवर गणवेशाने पुन्हा शिरकाव केला आहे. अँकिऑर्निसचे उदाहरण घ्या. २०१० चा तांबडा तुरा एका नमुन्यावरचा. २०१५ मध्ये दुसऱ्या नमुन्याच्या पिसांचा अभ्यास झाला, तेव्हा तुऱ्यात तांबूस रंगाचा पुरावा मिळाला नाही. फरक जीवाश्म टिकण्यातला असेल, वयाचा असेल, नर-मादीचा असेल, दोन ठिकाणच्या जनावरांचा असेल. या सगळ्या शक्यता चित्रकाराला मिळालेली मेजवानी होती. चित्रांत मात्र अँकिऑर्निस आजही बहुतेक वेळा तांबड्या तुऱ्याचाच. एका नमुन्याचा रंग साऱ्या जातीचा रंग झाला आणि दुसरा नमुना चित्राबाहेर राहिला. बोरिअलोपेल्टा या डायनोसॉरचेही तेच. कॅनडातल्या अल्बर्टाच्या खाणीत २०११ साली सापडलेले ते एकच जनावर. तांबूस पाठ आणि फिके पोट त्याचे. त्याचे कातडे आपल्याला मिळाले म्हणून त्याच्या साऱ्या भाऊबंदांचे कातडे मिळाले असे होत नाही.

भारतात ही अडचण दुप्पट आहे, कारण आपल्याकडे रंग ठाऊक नाही आणि नावेही डळमळीत आहेत. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवरच्या हाडांवरून फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ साली मांसाहारी डायनोसॉरांची नावांमागून नावे दिली: इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस, जबलपुरिया, सीलुरॉइडस, ड्रिप्टोसॉरॉइडस, ऑर्निथोमिमॉइडस. यांतली बरीच नावे सुट्या मणक्यांवर उभी आहेत आणि आजच्या अभ्यासकांना ती संशयास्पद वाटतात. लायडेकरने १८७७ मध्ये नाव दिलेला टायटॅनोसॉरस इंडिकस शेपटीच्या मणक्यांवरून ठरला होता. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी दाखवून दिले की ती लक्षणे आता इतर अनेक प्राण्यांत सापडतात, त्यामुळे ते नाव टिकत नाही. त्याच शोधनिबंधात चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या सांगाड्याला इसिसॉरस हे नाव मिळाले. त्याआधी १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी तो टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणून नोंदवला होता. त्या सांगाड्याला कवटी नाही, मागचे पाय नाहीत. तरी तक्त्यात त्याचा चेहरा आहे, डोळा आहे, ठरलेला रंग आहे.

आता तक्ता काढणाऱ्याने इंडोसुकस आणि इंडोसॉरस वेगवेगळ्या रंगांत रंगवले की काय होते पाहा. हाडांवरून दोन जाती आहेत की नाहीत याची खात्री देता येत नाही, पण रंगाने ती देऊन टाकली. पोराच्या डोळ्यांना ते दोन प्राणी झाले. पुढे शास्त्रज्ञ कितीही लिहोत, तो रंग पुसला जात नाही. नावे देण्याच्या घाईवर रंगाची मोहोर उठते, आणि माझा मूळ आक्षेप याच गोष्टीला आहे. नावांची ही घाई भारताबाहेरही चालते. टायरॅनोसॉरसच्या तीन जाती कराव्यात असा २०२२ चा प्रस्ताव लगेच खोडला गेला. उलट टायरॅनोसॉरसचे पिल्लू समजला गेलेला नॅनोटायरॅनस हा वेगळाच प्राणी होता हे २०२५ मध्ये पुन्हा मांडले गेले तेव्हा हाडांच्या आतली वाढीची वलये तपासून, जनावर जवळजवळ पूर्ण वाढलेले आहे हे दाखवून. जात ठरवायची तर अशी. चित्रकाराच्या रंगपेटीतून जाती ठरत नाहीत.

मराठवाड्यातल्या माणसाला तर हे पटवून द्यायची गरजच पडू नये. आमची देवणी गाय घ्या. जात एक, पण वानेऱ्याचे तोंड काळसर, बालंक्या सगळा पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके वाटेल तसे विखुरलेले. आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, पण त्याच कळपात तांबूस, पांढरी, ठिपक्यांची शेळीही असते. बोकडाला बहुधा शिंगे, शेळ्यांत काही शिंगाच्या, काही बोडक्या. गुराखी यावरून जात वेगळी मानत नाही. नान्नजच्या माळावरचा काळवीट घ्या. नर वयात येतो तसा गडद होत जातो आणि त्याला पिळाची शिंगे येतात. मादी पिवळसर तपकिरी आणि बिनशिंगाची. या दोघांचे सांगाडे कोट्यवधी वर्षांनी वेगवेगळ्या ठिकाणी सापडले असते तर दोन जातींची दोन नावे पडायला वेळ लागला नसता.

कोणी म्हणेल, गायी-शेळ्या माणसाने पैदास केलेल्या, त्यांचा दाखला चालणार नाही. मग साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर या. तिथल्या सरड्याच्या नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पंखा असतो. २०१६ मध्ये त्याला ‘सारडा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव मिळाले. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे दाट, आणि त्या दाटीतल्या नरांच्या पंख्याचे रंग फिके. जात तीच, पठार तेच. डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी कमी झाले, एवढ्याने कातडीचा रंग बदलला. वाशी-भूमच्या माळावरही आता पवनचक्क्या उभ्या आहेत. आपल्याकडच्या सरड्यांचे काय झाले ते कोणीतरी जरूर पाहावे. पण चित्रकारांना माझा प्रश्न असा: जिवंत सरड्याचा रंग शिकारी पक्ष्यांच्या संख्येने बदलतो, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या जातीला तुम्ही एकच रंग कोणत्या आधारावर देता?

‘पुरावा नाही, म्हणून करडा’ हे उत्तर मला सावधपणाचे वाटत नाही. करड्या रंगालाही पुरावा लागतो. मोठे जनावर हत्तीसारखे करडे असणार, हा समज सस्तन प्राण्यांवरून आला. बहुतेक सस्तन प्राण्यांना रंगांची ओळख अपुरी. पक्ष्यांच्या आणि अनेक सरड्यांच्या डोळ्यांत मात्र रंग टिपणाऱ्या चार प्रकारच्या पेशी असतात. डायनोसॉर त्या घराण्यातले. त्यांच्या नरमाद्या एकमेकांना रंगांनी ओळखत नव्हत्या, असे धरून चालणे हीच मोठी कल्पना आहे. राजासॉरसच्या डोक्यावर ठेंगणे, गोलसर शिंग आहे. ते कोणाला तरी दिसावे म्हणूनच असावे, मग त्यावरचे कातडे बाकीच्या अंगासारखेच का रंगवायचे? त्याचा अर्जेंटिनातला नातेवाईक कार्नोटॉरस याच्या त्वचेचे ठसे मिळाले आहेत, ते खवल्यांचे. तेव्हा राजासॉरसला पिसे लावू नका, हे मला मान्य आहे. अंड्यांच्या कवचांच्या अभ्यासात इसिसॉरसच्या घराण्यातल्या टायटॅनोसॉरांच्या कवचात रंगद्रव्य मिळाले नाही. तेव्हा त्यांची अंडी पांढरी रंगवा. जिथे पुरावा आहे तिथे त्याच्यापुढे मान तुकवायची, आणि जिथे नाही तिथे जिवंत प्राण्यांच्या सवयींवर उभे राहायचे. आपल्या चित्रांत नेमके उलटे होते: अंडी चितकबरी आणि कळप एकरंगी.

आणि जमिनीचे काय? ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ या मालिकेने २०२३ मध्ये इसिसॉरसला दख्खनच्या ज्वालामुखींच्या मुलखात चालवले, तेव्हा मी हरखून गेलो, आपला प्राणी आपल्या खडकावर पहिल्यांदाच इतक्या ताकदीने उभा राहिला. पण त्याच्या जमिनीचा पुरावा आपल्याकडे पडद्यावर दिसतो त्याहून कितीतरी अधिक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या तांबड्या मातीत या प्राण्यांच्या अश्मीभूत लेंड्या मिळतात. त्यांत गवताच्या सिलिकाकणिका सापडल्याचे वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जाहीर केले आणि डायनोसॉरच्या चित्रात गवत नको हा जुना नियम मोडला. पानांवर वाढणाऱ्या बुरशीचे अवशेषही त्यांत मिळाले. आम्हा वाशीकरांच्या पायाखाली मात्र नुसता बेसॉल्ट. किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या विंधन छिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर लागला. इथली हाडे, असलीच तर, त्या थरात गाडलेली. म्हणून आमच्या भागाचा डायनोसॉर चंद्रपूरच्या मातीवरूनच रंगवावा लागणार, आणि तो नीट रंगवला जावा असा माझा हट्ट आहे.

गुजरातमधल्या राहिओलीत राहिओलिसॉरसच्या किमान ७ जनावरांची हाडे मिळाली, लहान-मोठ्या वयांची. तरी प्रत्येक चित्रात एकच पूर्ण वाढलेले जनावर, एकाच रंगात, कोऱ्या पार्श्वभूमीवर. शाळांच्या भिंती आणि संग्रहालयांची दालने रंगवणाऱ्यांनी पुढचे चित्र कळपाचे काढावे. तांबडी माती, खुरटे गवत, मागे ताड आणि सूचिपर्णी झाडे. माद्या मातकट पण एकसारख्या नाहीत. एखादीच्या मानेवर पट्टे, एखादीच्या नाहीत. पिल्ले गवतात लपतील अशी ठिपक्यांची. म्हातारा नर डाग पडलेला, जुन्या जखमेच्या जागी रंग उडालेला. याला पुरावा काय, असे कोणी विचारले तर त्यानेही एकरंगी कळपाचा पुरावा आणावा. पृष्ठवंशी प्राण्यांतला पिल्लू, मादी, नर आणि म्हातारा हुबेहूब एकसारखे असलेला एक तरी कळप त्याने मला आधी दाखवावा.