कोड कविता असेल, तर तिची समीक्षाही व्हावी

वर्डप्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर अगदी तळाशी एक ब्रीदवाक्य असतं : ‘कोड इज पोएट्री’. मला ते आवडतं. पण ते गंभीरपणे घ्यायचं, तर कवितेमागोमाग समीक्षाही आलीच. मी माझं वैयक्तिक संकेतस्थळ काही वर्षं वर्डप्रेसवर चालवलं, मग त्याचा बॅकएंड स्वतः लिहिला. लिहिण्याआधी वर्डप्रेसचा कोड आणि त्याचा डेटाबेस एखादं पुस्तक वाचावं तसा वाचून काढला. त्या वाचनाचा हा हिशेब.

आधी श्रेय. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये ‘बीटू’ नावाच्या बंद पडलेल्या प्रकल्पाच्या कोडवरून वर्डप्रेस उभं केलं आणि मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकलं. ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, त्यालाही त्यामुळे स्वतःच्या मालकीची जागा मिळाली. शिवाय या रचनेला लेखकाची जाण आहे. नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये १२ तक्ते असतात. त्यातल्या ‘पोस्ट्स’ या तक्त्यात तुमच्या लेखाचा प्रत्येक जतन केलेला खर्डा पूर्णच्या पूर्ण साठवला जातो. खोडलेला परिच्छेदही जपून ठेवणारा असा संपादक कुणाला नको असेल?

पण याच तक्त्यात एक रकाना आहे, लेखाच्या पत्त्याचा. त्याची मर्यादा २०० अक्षरं. इंग्रजी शीर्षकाला ही जागा ऐसपैस पुरते. देवनागरीचं तसं नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, हे सगळं वेगळं चिन्ह. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात अशी १० चिन्हं आहेत, म्हणजे ९० अक्षरं संपली. ‘महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने’ असं शीर्षक दिलंत, तर पत्ता ‘महाराष्ट्राच्या-इतिहासा’ इथे तुटतो. साधनं बाहेरच राहतात. तशी सूचनाही मिळत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली मराठी लिंक कधी कधी टक्क्यांच्या मालगाडीसारखी का दिसते, त्याचं मूळ याच पद्धतीत आहे.

याला कुणी द्वेष म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. २०० हा आकडा ठरवताना समोर रोमन लिपी होती, एवढंच. पण साहित्याच्या समीक्षेत आपण हा प्रश्न विचारतोच ना, की या कृतीने कोणता वाचक गृहीत धरला आहे? तोच प्रश्न इथेही लागू पडतो.

पुढचे दोष एकट्या वर्डप्रेसचे नाहीत, ते जवळपास सगळ्या तयार बॅकएंडचे आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो : एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण दोन्ही एकच मानायला मुद्दाम शिकवलं नसेल, तर साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. लेख समोर असतो आणि उत्तर येतं, ‘काही सापडलं नाही’. अनुक्रमाचंही तेच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल च्या शेजारी बसवला आहे. त्यामुळे विषयांच्या यादीत ‘काळ’ आधी आणि ‘काव्य’ नंतर. कोश चाळण्याची सवय असलेल्या माणसाला हे खटकतं.

म्हणून मी एसक्यूलाइट घेतलं. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस तुमच्या हातातल्या फोनमध्येही आहे, आणि तो सगळा एका फाइलमध्ये मावतो. माझ्याकडे लेखाचा पत्ता म्हणजे फक्त वर्ष आणि अनुक्रमांक, जुन्या मासिकांचा संदर्भ देतात तसा. शीर्षक कितीही वेळा बदला, पत्ता तोच. शोधासाठी प्रत्येक लेखाची एक वेगळी प्रत ठेवतो, तिच्यात दोन्ही ऱ्य एक केलेले असतात. ळ ला त्याच्या जागी बसवायला थोड्याच ओळी लागल्या.

मात्र हा मार्ग स्वस्त नाही. रखवालदार आपणच, झाडूवालाही आपणच. माझ्याकडे आता वर्डप्रेस नाही, तरी सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच्या लॉगिनचं दार ठोठावणारे बॉट दिसत राहतात. अपडेट, बॅकअप, ठरावीक मुदतीने नवं करायचं सुरक्षा प्रमाणपत्र, यातलं काहीही विसरून चालत नाही. लिहायचा वेळ त्यात जातो. ज्याला फक्त लिहायचंय, त्याला मी अजूनही वर्डप्रेसच सुचवीन. पत्ता मात्र प्रकाशित करण्याआधी स्वतःच्या हाताने, लहानसा टाका.

कारण पत्ता हा लेखाचाच भाग आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही; तो बदलतात ती माणसं. पत्ता मोडला की त्या लेखाचा हवाला देणारे सगळे तोंडघशी पडतात. मराठीत आधीच नेटवर टिकून राहिलेलं लिखाण थोडं. त्यातलं आणखी काही केवळ २०० च्या एका आकड्यापायी हरवणं आपल्याला परवडणारं नाही.