‘स्त्रीपुरुषतुलने’तील पतिविचार
विदर्भातीलच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील बालहत्येचा खटला (१८८१) हे त्याचे निमित्त. त्यामुळे विधवांच्या कैवाराचे पुस्तक एवढीच त्याची ओळख बहुधा दिली जाते. ती अपुरी आहे. ताराबाईंचा खरा रोख सधवेच्या दास्यावर आहे. पती देव असेल, तर त्याचे आचरणही देवासारखे नको काय, असे त्या विचारतात. आणि पुराणांतल्या देवांचीही गय करीत नाहीत! त्यांची भाषा काहींना भांडखोर वाटते. परंतु ज्या पत्नीला उत्तर देण्याचाच अधिकार नव्हता, तिच्या युक्तिवादाला घरातल्या बोलीवाचून दुसरे कोणते शस्त्र होते? जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे स. गं. मालशे यांनी १९७५ साली निबंध पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत मराठी टीकेने मौनच पाळले.