शेकडा, पण कशाच्या?

पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, हे आरोग्यविषयक लेखांतून आता सांगितले जाते. ही चांगली गोष्ट आहे. स्तनाग्रामागची न दुखणारी गाठ पुरुष अंगावर काढतात आणि निदानाला उशीर होतो. मात्र अशा लेखांत वारंवार येणाऱ्या एका आकडेवारीबद्दल आमची तक्रार आहे. 'स्तनाच्या कर्करोगाच्या एकूण रुग्णांत पुरुष जेमतेम १ टक्का. युगांडात ५, झांबियात १५ टक्के,' असे लिहिले जाते. वाचक साहजिकच समजतो, की झांबियातील पुरुषाला धोका १५ पट!

पण हे टक्के कशाचे? येथे छेदात स्त्री-रुग्णही आहेत. समजा, एका देशात दर लाख पुरुषांत १ व दर लाख स्त्रियांत ९९ रुग्ण आढळले. दुसऱ्या देशात पुरुष १ च, पण स्त्रिया १९. स्त्री-पुरुषांची संख्या सारखी धरल्यास पुरुषांचा वाटा पहिल्या देशात १ टक्का, तर दुसऱ्यात ५ टक्के येतो. पुरुषांचा धोका मात्र दोन्हीकडे तेवढाच! शिवाय रुग्णालयापर्यंत कोण पोहोचते, यावरही असे आकडे बदलतात.

याचा अर्थ सगळेच फरक खोटे, असा नव्हे. आइसलंडमध्ये बीआरसीए-२ या जनुकातील एक विशिष्ट बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो तेथील सर्वसाधारण लोकांत ०.६ टक्के, तर स्तनाच्या कर्करोगाच्या पुरुष-रुग्णांत सुमारे ४० टक्के आढळला. येथे तुलना योग्य गटाशी केली आहे, म्हणून निष्कर्ष पटतो.

आफ्रिकेच्या बाबतीत संशोधकांनी यकृताच्या विकारांकडेही लक्ष वेधले आहे. यकृत बिघडले, की ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचे विघटन नीट होत नाही व त्याचे शरीरातील प्रमाण वाढते. यकृत बिघडवणाऱ्या हिपॅटायटिस-बी विषाणूवर लस आहे. सारा फरक 'वंशा'च्या खाती टाकला, तर अशी टाळता येण्याजोगी कारणे शोधायचीच राहून जातात.

शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. टक्का दिसला, की 'कशाच्या शेकडा?' असे विद्यार्थ्याने विचारले पाहिजे. लेखकांनी तर ते लिहिण्यापूर्वीच विचारायला हवे.