गीतस्वर आणि जीवनप्रसंग

नामकरण, मंगल परिणय आणि पुण्यानुमोदन या प्रसंगी आपल्या घरांत दोन स्वर ऐकू येतात. एक बौद्धाचार्यांच्या मुखातील पाली गाथांचा, दुसरा मांडवातील भीमगीतांचा. पहिला विधीचा व दुसरा करमणुकीचा, अशी वाटणी आपल्यातील अनेक अभ्यासू मंडळी करतात आणि तिला बुद्धवचनाचा आधार असल्याचे सांगतात. हा आधार कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

आधार म्हणून पुढे केले जाते ते अंगुत्तरनिकायातील गीतस्सरसुत्त. लांबवलेल्या गीतस्वरात धम्म म्हणण्याचे पाच दोष तेथे सांगितले आहेत : म्हणणारा स्वतः स्वरात गुंततो; ऐकणारे गुंततात; गृहस्थ कुरकुरतात की आम्ही गातो तसेच हे श्रमणही गातात; स्वर घोटण्याच्या नादात समाधी भंगते; आणि मागून येणारे तेच वळण गिरवतात. यातील तिसरा दोष नीट वाचावा. गृहस्थ गातात हे सुत्ताने गृहीतच धरले आहे. बंधन आहे ते भिक्षूच्या धम्मपठणावर, उपासकाच्या गाण्यावर नव्हे. शिवाय विनयातील चुल्लवग्गात हेच दोष सांगून झाल्यावर सरभञ्ञ, म्हणजे सस्वर पठण, यास अनुज्ञा दिलेली आहे.

आता ज्या गाथांना आपण विधीचा मान देतो, त्यांचाच इतिहास पाहू. विवाहात म्हटली जाणारी जयमंगल अष्टगाथा त्रिपिटकात नाही. तथागतांच्या आठ विजयांवर कोणा अज्ञात कवीने वसंततिलका वृत्तात रचलेले ते उत्तरकालीन काव्य आहे. अर्थात तेही एके काळी नवे गीतच होते. मंगलप्रसंगी पिढ्यानपिढ्या म्हटले गेल्याने त्यास आजचे स्थान लाभले. अंत्यविधीच्या वेळी म्हटली जाणारी अनित्यतेची गाथा त्रिपिटकातील आहे. पण महापरिनिब्बानसुत्तात ती शक्राच्या मुखी येते, तीही तथागतांच्या परिनिर्वाणाच्या क्षणी. म्हणजे शोकप्रसंगाशी तिचे नाते प्रारंभापासूनचे आहे. प्रसंगाशी जडलेले ते हलके, हा समज येथे गळून पडतो.

याहून बोलका दाखला दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात आहे. पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा वाजवीत तथागतांसमोर गातो. गीत बुद्ध, धम्म व अर्हन्तांविषयी आहे, तसेच ते उघड उघड प्रेमगीतही आहे. तथागत त्यास दटावीत नाहीत. वीणेचा स्वर गीतावर कुरघोडी करीत नाही आणि गीत वीणेवर करीत नाही, अशी दाद देतात आणि मग विचारतात, या गाथा केव्हा रचल्या? पञ्चसिख सांगतो की, भगवान नुकतेच सम्बुद्ध होऊन नेरञ्जरेच्या तीरी उरुवेलेत होते, त्या वेळी भद्दा सुरियवच्चसेच्या प्रेमात असताना आपण त्या रचल्या. गीत केव्हाचे, हा प्रश्न स्वतः तथागतांनी विचारला आहे. समीक्षकाने तो कमी प्रतीचा का मानावा?

हा प्रश्न आपल्या गीतांना विचारला, तर उत्तरे थोर मिळतात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. शाळा न लाभलेल्या या कवीने १९४३ साली पहिले गीत रचले आणि पुढे गावोगावच्या मांडवांत चळवळ पोहोचविली. आत्मकथनास त्यांनी ‘माझ्या जीवनाचं गाणं’ असेच नाव दिले. जात्यावरच्या ओव्यांतही स्त्रियांनी बाबासाहेबांना गायिले. गी पॉइतव्हाँ व हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत अशा ओव्या आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जुने देव आणि त्यांची गाणी आपण सोडली. ती रिकामी जागा गाथांइतकीच या गीतांनीही भरली. ज्या गीतावर एखाद्या घरची वरात निघाली, ते पुढे कोठेही कानी पडले की त्या घराला तो दिवस आठवतो. अशा वेळी कवीचे गीत त्या घराचेही होते.

म्हणूनच हानी कोठे होत आहे, तेही सांगणे भाग आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ खापर हे गाव आहे. त्या टापूत भिली बोली, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकमेकींच्या शेजारी नांदतात. तेथे गाथा पालीत, सूचना मराठीत आणि बायकांचे गाणे बोलीत, असे होणे स्वाभाविक आहे. बोलीतील असे गाणे छापले जात नाही. गाणारी गेली की तेही जाते. त्यातच आता वरातीत भिंतीएवढे ध्वनिवर्धक आले आहेत. भीमगीत तेच, पण शब्द ऐकूच येत नाहीत. चाल उसनी असणे हा दोष नव्हे. वाद्याने गीत गिळणे हा दोष आहे. पञ्चसिखाच्या वीणेला मिळालेली दाद या वाद्यांना मिळाली नसती. गीतस्सरसुत्तातील स्वरासक्ती खऱ्या अर्थाने येथे आढळते, आणि पाचव्या दोषाप्रमाणे लेकरे तेच वळण उचलीत आहेत.

तेव्हा गाथा की गीत, हा वाद आम्हांस व्यर्थ वाटतो. गाथेचा अर्थ मराठीत सांगितला जावा आणि गीताचे शब्द ऐकू यावेत, ही दोहोंस लागू पडणारी एकच कसोटी होय. विहारांनी आणखी एक काम हाती घ्यावे. परिसरातील वृद्ध उपासिकांकडे जावे, त्या नामकरणास, लग्नास, मरणास काय गातात ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे आणि प्रत्येक गीताखाली तथागतांच्या प्रश्नाचे उत्तर नोंदवावे : हे केव्हा रचले, कोणत्या प्रसंगी गायिले. पालीच्या अभ्यासकांनी या वहीला ग्रंथाइतकाच मान द्यावा. थेरीगाथा आपल्या हाती आली, ती कोणीतरी स्त्रियांचे शब्द मोलाचे मानून जपले म्हणूनच.