भिंग आधी की आकृती?

जयश्री रामदास यांनी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात सिद्ध केलेल्या ‘स्मॉल सायन्स’ या प्राथमिक इयत्तांच्या पुस्तकमालेचा खरा गुण असा की, ती उत्तराआधी मुलास पाहावयास लावते. वर्गांत मात्र बहुधा उलटेच घडते : फळ्यावर आकृती आधी, भिंग मागाहून, आणि मूल वहीत आकृतीच उतरविते. अँटॉप हिलहून शिवडी-वडाळ्याचा खाडीकिनारा जवळच. तेथील तिवराच्या पानावर पानानेच बाहेर टाकलेले मीठ सुकते. भिंग डोळ्यापाशी धरून पान हळूहळू पुढे आणले म्हणजे त्याचे कण दिसू लागतात. हे मीठ घरच्या मिठासारखेच काय, हा प्रश्न मुलासच सुचावयास हवा. पन्नासांच्या वर्गात एकच भिंग फिरविल्यास तेवढी उसंत कोणासही मिळत नाही.