खंडन झालेली चाल खेळायची का?

पांढऱ्याकडून खेळताना ठेवणीतल्या चालींचा संच कसा बांधावा, हा आजचा विषय. ई४ला काळ्याने ई५ने उत्तर दिले, एवढाच भाग आपण घेऊ. या विषयावरच्या पुस्तकांचा नि कोर्सेसचा आता पूर आला आहे, आणि त्यातल्या बहुतेकांत एक दोष आम्हाला सारखा दिसतो. तो सांगायला एका जुन्या लेखापासून सुरुवात करतो.

१९६० साली मार देल प्लाताला स्पास्कीने फिशरला किंग्ज गॅम्बिटमध्ये हरवले. पुढच्याच वर्षी फिशरने लेख लिहून हे ओपनिंगच मोडीत काढले. एफ४चे प्यादे काळ्याने मारले, पांढऱ्याचा घोडा एफ३वर आला, की काळ्याने डी६ खेळायचे. म्हणजे काय होते? त्या हरलेल्या डावात पांढऱ्याचा घोडा जी४च्या प्याद्याने हाकलल्यावर ई५वर जाऊन बसला होता. डी६मुळे ते घरच बंद झाले. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही. फिशरचा निष्कर्ष मात्र असा, की पांढरा हरलाच.

आमचा आक्षेप इथे आहे. आपल्या न्यायशास्त्रात खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्यात बळकट रूपात मांडावा लागतो. फिशरच्या लेखात पराभवाचा सल जास्त आहे, पूर्वपक्ष कमी. आजची इंजिनेही काळ्याला थोडे झुकते माप देतात, पण पांढरा हरला असे काही म्हणत नाहीत. आणि गंमत पाहा, १९६३च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्सविरुद्ध किंग्ज गॅम्बिट कोणी खेळलं? फिशरनेच! घोड्याऐवजी आधी उंट सी४वर काढला, आणि डाव जिंकला.

आजच्या कोर्सेसमध्ये खंडनाची जागा इंजिनच्या आकड्याने घेतली आहे, एवढाच फरक. अमुक चाल शून्य, तमुक अधिक पाव, म्हणून तमुक घ्या. अहो, पण तो पाव गुण पटावर वसूल कोण करणार? रुय लोपेझ घेतलं तर बर्लिन हवं, मार्शल हवं, ओपन लोपेझ हवं. नोकरी सांभाळून आठवड्यातून दोनदा क्लबात येणाऱ्याने हे पाठ करायचं कधी? बर्लिनची भिंत तर २०००च्या लंडनच्या सामन्यात खुद्द कास्पारोव्हला फोडता आली नाही. तोच कास्पारोव्ह १९९५ साली रिगाला आनंदविरुद्ध एकोणिसाव्या शतकातला इव्हान्स गॅम्बिट घेऊन बसला आणि पंचवीस चालींत जिंकला. त्याला ती स्थिती कळत होती, आणि समोरच्याला ती नवखी होती.

म्हणून आमचा कौल संथ इटालियनला. उंट सी४, प्यादी सी३ आणि डी३, किल्लेकोट, मग वजिराकडचा घोडा डी२, एफ१ करत जी३वर. इथे चालींचा क्रम थोडा चुकला तर बहुधा निभावतं, कारण लक्षात ठेवायची ती योजना. स्कॉचबद्दल तक्रार नाही. मध्य लवकर मोकळा होतो, आवडत असेल तर जरूर खेळा.

दोन घोड्यांच्या बचावाबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण तिथे आम्ही स्वतः चुकलो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाला आम्ही मोठ्या हौसेने घोडा जी५ आणि मग एफ७वरचं बलिदान शिकवलं. चार डाव जिंकला. पाचव्यात प्रतिस्पर्ध्याने डी५वरचं प्यादं घोड्याने मारलंच नाही, घोडा ए५वर नेऊन उंटावर हल्ला केला. मुलगा आमच्याकडे बघायला लागला. उंटाने बी५वरून शह, सी६, प्यादे मारायचे. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त, पण उंट आणि घोडा दोघंही पळताहेत. यातलं काहीच आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. तो डाव त्याने बावीस चालींत सोडला, आणि घरी आल्यावर विचारलं, ‘सर, मग ते प्यादं घ्यायचं का नाही?’ आम्ही पट मांडला, आणि रात्री साडेअकरापर्यंत फक्त तेवढी एकच स्थिती दोघे खेळत बसलो.