कंदिलाखाली अंधार

हल्ली इंटरनेटवर जुन्या रेल्वेचं सामान विकायला असतं : पितळी कंदील, शिट्ट्या, बिल्ले, पुठ्ठ्याची तिकिटं. सोबतचा मजकूर मी समीक्षकाचा चष्मा लावून वाचतो. माझं मत असं, की कल्पनाशक्ती कशाला म्हणतात हे आमच्या कादंबरीकारांनी या विक्रेत्यांकडून शिकावं.

परवा जळगावला आलेल्या धुळ्याच्या एका स्नेह्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर कंदील, त्यावर इंग्रजीत भलंमोठं कोरलेलं : जी. आय. पी. रेल्वे, धुळे, १८५३. "आपल्या गावचा आहे हो!" स्नेही गहिवरले. आता, १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यालाच थांबली. चाळीसगावहून धुळ्याला रूळ आले १९०० साली. म्हणजे हा कंदील सत्तेचाळीस वर्षं, नसलेल्या फलाटावर, नसलेल्या गाडीची वाट बघत होता! शिवाय साहेबाच्या इंग्रजीत धुळे नव्हतंच. होतं ते धुलिया.

अशा साहित्याची परीक्षा तशी सोपी. 'मध्य रेल्वे, १९४७' दिसलं की पुढे वाचू नये. मध्य रेल्वे जन्मली ५ नोव्हेंबर १९५१ ला. १९५० च्या तिकिटावर भाडं ७५ पैसे असेल तर नमस्कार करावा. तेव्हा रुपयाचे पैसेच मुळी ६४ होते, शंभर झाले १ एप्रिल १९५७ पासून. आणि मूठ बघावी. खरा कंदील हाताने झिजतो, मूठ गुळगुळीत होते. खोट्याचं सगळं अंग सारखंच काळं आणि मूठ मात्र कोरी करकरीत. खऱ्या वस्तूवर कंपनीची चार अक्षरं असतात, खोटीवर आत्मचरित्र.

वस्तू खरी निघाली तर वेगळीच पंचाईत. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. तेव्हा कंदिलाआधी लिलावाची पावती मागावी. पावती म्हटली की बहुतेक प्रतिभावंत गप्प होतात.

हसण्यावारी नेऊ म्हटलं तरी एक गोष्ट टोचते. तो कंदील दिवाणखान्यात लागला की उद्या नातू १८५३ साली धुळ्याला गाडी आणणार, आणि आजोबांचा पुरावा देणार. इकडे भुसावळला रेल्वेत जन्म काढलेल्यांच्या माळ्यावर बदलीचे हुकूम, जुने पास पिवळे पडताहेत. त्यांच्या खरेपणाबद्दल कुणाला शंका नाही. म्हणूनच बहुधा ती रद्दीत किलोच्या भावाने जातात.